फिर्यादीविना राहिलेला शोक

पूर्व विदर्भातल्या खेड्यांत दिवाळीचा पाडवा हा प्रामुख्याने गोवाऱ्यांचा दिवस असतो. वर्षभर गावाची गुरे राखणारा हा समाज त्या दिवशी गाईंना न्हाऊमाखू घालून, त्यांची शिंगे रंगवून, मोरपिसांनी शृंगारून गोधनाच्या पूजेसाठी आखरावर आणतो, ढाल काढतो, वाजतगाजत गावातल्या घरोघरी जातो आणि ज्यांची जनावरे उन्हापावसात राखली त्यांच्याकडून धान्य, कापड किंवा चार पैसे मानाने स्वीकारतो. १९९४ साली लक्ष्मीपूजन ३ नोव्हेंबरला होते. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नव्हते, तोच २३ नोव्हेंबरच्या बुधवारी या समाजातील हजारो स्त्रीपुरुष, कित्येक स्त्रिया तर कडेवरची मुले घेऊन, नागपुरात विधानभवनावर मोर्चाने आले. आणि सायंकाळी पोलिसांनी जमाव पांगवण्यासाठी लाठी चालवल्यावर जी चेंगराचेंगरी झाली तीत एकशे चौदा माणसे मरण पावली व पाचशेहून अधिक जखमी झाली. मृतांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आणि बालके होती.

नागपुरात या घटनेला ‘गोवारी हत्याकांड’ असे म्हणतात. शासनाच्या दप्तरात ती चेंगराचेंगरीची दुर्घटना आहे. या दोहोंमधले अंतर तीन दशकांत मिटलेले नाही, आणि ते मिटवण्याचा निष्ठेने प्रयत्न झाला असेही मला वाटत नाही.

ही माणसे काय मागायला आली होती, ते आधी सांगितले पाहिजे. गोवारी हा गुराख्यांचा समाज. नागपूर, भंडारा, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, अमरावती या जिल्ह्यांत आणि त्या वेळी भंडाऱ्यातच मोडणाऱ्या गोंदियाकडच्या मुलखात त्याची वस्ती पसरलेली आहे. ज्याला इतरत्र गुराखी म्हणतात त्याला विदर्भात गायकी किंवा ढोरकी म्हणतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम गोवाऱ्याकडे राहिले. स्वतःची जमीन नाही किंवा असली तर नावापुरती. उदरनिर्वाह दुसऱ्याच्या जनावरांवर, आणि ती जनावरे सरकारच्या झुडपी जंगलावर. चराईची राने आटत गेली, शेतकऱ्याच्या दारातली गुरे कमी झाली, तसतसा हा धंदा बसत गेला व पुढची पिढी शेतमजुरीकडे वळली. अशा समाजाला शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि सरकारी नोकरी यांचा आधार केवढा वाटतो, हे ज्यांच्या घरी दोन पिढ्यांपूर्वीच साक्षरता आली त्यांना सहज कळणार नाही. त्या आधाराची किल्ली म्हणजे अनुसूचित जमातीचा दाखला.

त्या दाखल्याची वाट एका नोंदीपाशी अडलेली होती. १९५६ साली अनुसूचित जमातींच्या यादीत जी दुरुस्ती झाली तीत मध्य प्रांत-वऱ्हाडकडच्या भागासाठी गोंड जमातीच्या नोंदीखाली अनेक उपजमातींची नावे आली, आणि त्यांत ‘गोंड गोवारी’ हे नाव होते. १९७६ च्या कायद्यानंतरही महाराष्ट्राच्या यादीतील अठराव्या नोंदीत ते तसेच कायम राहिले. समाजाचे म्हणणे असे, की गोंड गोवारी म्हणून वेगळी जमात गावात कोठेच दिसत नाही. जे आहेत ते गोवारीच, तेव्हा ही नोंद आमचीच आहे. शासनाने मात्र २४ एप्रिल १९८५ च्या निर्णयाने गोंड गोवारी कोण, त्यांच्या चालीरीती कोणत्या, याचे निकष घातले आणि त्यांतून गोवारी वगळले गेले. आदल्या वर्षापर्यंत ज्या घरातल्या थोरल्या मुलाला तहसील कचेरीतून दाखला मिळाला, त्याच घरातल्या धाकट्याचा अर्ज नामंजूर होऊ लागला, तर आईबापांनी त्याचा अर्थ काय लावावा? अर्ज, निवेदने, उपोषणे आणि हिवाळी अधिवेशनावरचे मोर्चे हाच मग या समाजाचा दशकभराचा उद्योग झाला.

आता नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाविषयी दोन शब्द. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एकदा विधिमंडळाचे अधिवेशन नागपूरला भरवण्याचे जे आश्वासन मिळाले, त्यामागची कल्पना उदात्त होती. जुन्या मध्य प्रांताची राजधानी गमावणाऱ्या या प्रदेशाला राज्यकर्ते वर्षातून काही दिवस तरी आपल्या दारी दिसावेत, गडचिरोलीच्या टोकाच्या माणसाला मुंबईची वाट न तुडवता आपली कैफियत मांडता यावी, हा तिचा आशय होता. म्हणूनच अधिवेशन आणि मोर्चा यांचे नागपुरात अतूट नाते जडले. मोर्चा विधानभवनाच्या अलीकडे एखाद्या ठरलेल्या ठिकाणी लाकडी कठड्यांनी अडवला जातो, कोणी मंत्री तेथे येऊन निवेदन स्वीकारतो किंवा शिष्टमंडळाला आत बोलावले जाते, दोन शब्द आश्वासनाचे मिळतात आणि रात्रीच्या गाडीने माणसे गावी परततात. या रिवाजात निवेदन स्वीकारले जाण्याला फार मोठा अर्थ आहे. मागणी लगेच मान्य होणार नाही हे मोर्चेकऱ्यांनाही ठाऊक असते; पण राज्याने आपल्याला पाहिले, आपला कागद हातात घेतला, एवढे समाधान तरी त्यांना न्यायचे असते.

२३ नोव्हेंबरला नेमके तेच घडले नाही. ‘आदिवासी गोवारी’ म्हणून घोषणा देत आलेला सुमारे पन्नास हजारांचा तो समुदाय मॉरिस कॉलेजजवळच्या चौकात अडवला गेला. दुपार सरली, ऊन उतरले, तरी निवेदन घ्यायला मंत्री आले नाहीत. पहाटे किंवा आदल्या रात्री घर सोडलेली, फडक्यात बांधून आणलेली भाकर केव्हाच संपलेली, तान्ही मुले रडून थकलेली अशी ती माणसे दाटीवाटीने उभी होती, पुढे कठडे होते आणि मागून लोटणारी गर्दी होती. अशा स्थितीत जमाव अस्वस्थ होणे ही मानवी गोष्ट आहे; अस्वस्थ जमावाला वाट मोकळी करून देणे हे बंदोबस्ताचे पहिले कर्तव्य आहे. पोलिसांनी लाठी उगारली. मागे पळायला जागा नव्हती. जी पडली ती उठली नाहीत, आणि पडणाऱ्यांत आधी पडल्या त्या मुले सांभाळणाऱ्या स्त्रिया. कारण ज्या हातांनी सावरायचे, ते हात मोकळे नव्हते.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी शहरातल्या रुग्णालयांत ओळख पटवण्यासाठी जी माणसे फिरत होती त्यांच्यात नवरा शोधणाऱ्या बायका होत्या, बायको शोधणारे पुरुष होते, आणि हातातून सुटलेले लेकरू शोधणाऱ्या माया होत्या. विदर्भात आईला माय म्हणतात. त्या मायांपैकी कित्येकींना गावाबाहेरचे एवढे मोठे शहर पहिल्यांदाच दिसले होते.

शासनाने काय केले? आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. मुख्यमंत्री शरद पवार यांच्या सरकारने निवृत्त न्यायमूर्ती एस. एस. दाणी यांचा चौकशी आयोग नेमला. पुढच्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत ते सरकार गेले. त्याच्या पराभवाच्या कारणांत या घटनेचाही उल्लेख होत असतो. आयोगाने अखेर जो अहवाल दिला त्यात घटना दुर्दैवी ठरली, आणि तिचा दोष सरकारवर आला नाही. एकशे चौदा मृत्यूंना अशा रीतीने कारण मिळाले, पण कर्ता मिळाला नाही.

चौकशी आयोग ही संस्था काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे आपल्याकडे फारसे कोणी शोकग्रस्तांना समजावून सांगत नाही. १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमाखाली नेमलेला आयोग साक्षी घेतो, कागद मागवतो, मत देतो. पण त्याचे मत म्हणजे न्यायालयाचा निवाडा नव्हे, ते कोणावर बंधनकारक नसते, आणि त्याच्यापुढे दिलेली जबानी साक्षीदाराविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. अहवाल कृतिपत्रासह सहा महिन्यांच्या आत विधिमंडळापुढे ठेवावा असे कायदा सांगतो, परंतु त्या कृतिपत्रात कृती असलीच पाहिजे असे सांगत नाही. दुसरीकडे, बेकायदा जमाव पांगवताना सद्‌भावनेने केलेल्या कृतीबद्दल पोलीस अधिकाऱ्यावर शासनाच्या मंजुरीवाचून खटला चालवता येत नाही, असे संरक्षण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३२ व्या कलमाने तेव्हा दिलेले होते. म्हणजे ज्याच्या हुकुमाविषयी फिर्याद आहे, त्याच्यावर खटला भरण्याची परवानगी त्याच्याच धन्याकडे मागायची! ही व्यवस्था अधिकाऱ्याला निर्भयपणे काम करता यावे म्हणून आहे, हे मी जाणतो. परंतु कडेवरचे मूल गमावलेल्या स्त्रीपुढे ती एका उंच भिंतीसारखी उभी राहते.

तरी या भिंतीला दार नव्हते असे नाही. गोवारी मातांवर हा आघात होण्यापूर्वी वीसच महिने, २४ मार्च १९९३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नीलाबती बेहेरा या मातेच्या प्रकरणात निकाल दिला होता. पोलिसांच्या ताब्यातून तिचा मुलगा सुमन जिवंत परतला नव्हता. तिने न्यायालयाला एक पत्र लिहिले, त्या पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने सुनावणी केली, आणि नागरिकाच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा राज्याकडून भंग झाला तर राज्याने भरपाई दिलीच पाहिजे, सार्वभौमत्वाची सबब तेथे चालणार नाही, असे ठरवून दीड लाख रुपये देवविले. एका आईच्या पत्राने उघडलेले हे दार होते. मोहाडी-साकोलीकडच्या गावांत ते दार दाखवायला कोणता वकील जात होता, कोणते वर्तमानपत्र ते समजावून सांगत होते?

येथे मला या लेखातले मुख्य म्हणणे मांडायचे आहे. नागपूरच्या घटनेतून दोन निरनिराळे प्रश्न उभे राहिले होते. पहिला समाजाचा: आम्हांला अनुसूचित जमातीचा दर्जा आहे की नाही? दुसरा मृतांच्या आप्तांचा, विशेषतः मातांचा: आमची माणसे कोणाच्या हुकुमाने आणि कोणाच्या हयगयीने मेली? पुढाऱ्यांनी, पक्षांनी आणि आम्हां लिहिणाऱ्यांनीही दुसरा प्रश्न हळूहळू पहिल्यात विलीन करून टाकला. मृतांना हुतात्मे म्हटले गेले, आणि हुतात्मा एकदा ध्येयासाठी गेला म्हणजे त्याच्या मृत्यूची चौकशी मागे पडते, ध्येयसिद्धी हीच त्याची श्रद्धांजली होऊन बसते. आईचा शोक मागणीच्या कामी आला. त्याची फिर्याद झाली नाही.

आणि मागणीचे तरी काय झाले? १९९५ मध्ये गोवाऱ्यांचा समावेश विशेष मागास प्रवर्गात झाला, ज्याला दोन टक्के आरक्षण आहे आणि ज्यात अनेक जाती वाटेकरी आहेत. समाजाने ते घेतले, पण त्यावर समाधान मानले नाही. त्याच अठराव्या नोंदीतील माना जमातीच्या बाजूने २००६ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा गोवाऱ्यांचीही उमेद वाढली. अखेर १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने कौल दिला: गोंड गोवारी ही वेगळी जमात १९११ पूर्वीच लुप्त झाली होती, तेव्हा यादीतील नोंद गोवाऱ्यांचीच मानली पाहिजे. तीन दशके ज्यासाठी पायपीट केली, ते हाती आले. परंतु १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला. राष्ट्रपतींच्या आदेशातील यादी जशी आहे तशीच वाचली पाहिजे, तीत भर घालण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही, गोवारी आणि गोंड गोवारी भिन्न आहेत, असा त्या निर्णयाचा आशय. मधल्या काळात ज्यांना प्रवेश व नोकऱ्या मिळाल्या त्यांना न्यायालयाने अभय दिले, ही त्यातली दयाबुद्धी. घटनेच्या ३४२ व्या कलमाप्रमाणे यादी बदलण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे, आणि न्यायालयाने आपली मर्यादा ओळखली याबद्दल कायद्याच्या दृष्टीने त्याला बोल लावता येणार नाही. मात्र त्या दिवशी ध्येयसिद्धीची श्रद्धांजलीही हातची गेली, आणि फिर्याद तर कधी गुदरलीच नव्हती. २०२४ च्या आरंभी नागपूरच्या संविधान चौकात या समाजाचे तरुण पुन्हा उपोषणाला बसले, ते १९९४ साली पाळण्यात असतील किंवा जन्मालाही आले नसतील.

जगात अन्यत्र मातांनी हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, म्हणून त्यांना काही ना काही हाती लागले. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने पळवून नेलेल्या मुलांच्या आया १९७७ पासून ब्वेनोस आयरेसच्या प्लाझा दे मायो चौकात दर गुरुवारी डोक्याला पांढरा रुमाल बांधून फेरी घालू लागल्या. त्यांचा आग्रह आमची मुले कोठे आहेत ते सांगा, एवढाच होता. १९८५ मध्ये सेनाधिकाऱ्यांवर खटला झाला, पुढे दोन कायदे करून खटल्यांना आळा घातला गेला, आणि २००३ मध्ये संसदेने ते कायदे रद्द केल्यावर खटले पुन्हा सुरू झाले. चीनमध्ये १९८९ च्या जून महिन्यात बीजिंगला सैन्याच्या गोळीने सतरा वर्षांचा मुलगा गमावलेल्या डिंग झिलिन या प्राध्यापिकेने, पाळत आणि स्थानबद्धता सोसून, मृतांची नावे घरोघर जाऊन एकेक करून गोळा केली. त्यांना न्यायालय मिळाले नाही, पण यादी मिळाली, आणि त्या यादीचा उच्चार करायलाही तेथील सत्ता आज धजत नाही.

नागपूरशी सर्वांत जवळचे उदाहरण मात्र इंग्लंडमधील हिल्सबरोचे आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या त्या क्रीडांगणात पोलिसांच्या ढिसाळ बंदोबस्तामुळे फुटबॉलचे प्रेक्षक कुंपणाच्या जाळीशी चिरडले गेले. मृतांची संख्या पुढे सत्त्याण्णववर गेली. १९९१ च्या मृत्युचौकशीत अपघाती मृत्यू असा निर्णय झाला. मृतांच्या आयांनी तो मानला नाही. पंधरा वर्षांचा केव्हिन गमावलेल्या अ‍ॅन विल्यम्स यांनी, तो अमुक वेळेनंतरही जिवंत होता हे सिद्ध करण्यासाठी साक्षीदार शोधून काढले, अर्जावर अर्ज केले, आणि जुना निर्णय रद्द झाल्यावर काही महिन्यांतच, २०१३ मध्ये, त्या निवर्तल्या. २६ एप्रिल २०१६ रोजी नव्या ज्यूरीने ते मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे ठरवले. सत्तावीस वर्षे लागली. म्हणजे चेंगराचेंगरीला कर्ता नसतो, ती आकाशातल्या विजेप्रमाणे येते, हा समज खोटा आहे. जागा कोणी ठरवली, कठडे कोठे लावले, बाहेर पडायची वाट कोणी बंद केली आणि हुकूम कोणी दिला, यांची उत्तरे माणसांच्या नावांनी देता येतात, जर ती विचारण्याचा हट्ट कोणी धरला तर.

महाराष्ट्रातही असा हट्ट निष्फळ ठरलेला नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. गुंडेवार आयोगाने उपनिरीक्षक मनोहर कदम यांना दोषी ठरवले आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली. अगदी अलीकडे परभणीत, डिसेंबर २०२४ मध्ये, संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर उसळलेल्या आंदोलनात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला कोठडीत मरण पावला. त्याच्या आईने शासनाची मदत नाकारून न्यायालयाचा मार्ग धरला; उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि त्याविरुद्ध राज्य सरकारने केलेली याचना सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. त्या माउलीने आपला प्रश्न कोणत्याही मोठ्या प्रश्नात विरघळू दिला नाही. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, फिर्याद, गुन्हा या क्रमाने ती चालत राहिली.

नागपूरने गोवाऱ्यांना स्मारक दिले आहे. शून्य मैलाच्या दगडाजवळ ते उभे आहे. सीताबर्डीवरच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचे नाव आहे. दर २३ नोव्हेंबरला तेथे समाज जमतो, फुले वाहतो, पुढारी भाषणे करतात आणि दर्जाच्या मागणीचा पुनरुच्चार होतो. त्या गर्दीत बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या स्त्रियांकडे कोणी ध्वनिक्षेपक नेत नाही. १९९४ साली जी तिशीत होती ती आज साठी ओलांडून गेली आहे, आणि जी तेव्हाच पन्नाशीची होती तिची साक्ष नोंदवण्याची मुदत वेगाने सरत आहे.

दर्जाचा प्रश्न संसदेकडे आहे, आणि राज्य सरकारने त्याविषयी होय किंवा नाही असा स्पष्ट प्रस्ताव केंद्राकडे पाठवावा. वर्षानुवर्षे समित्या नेमून एका गरीब समाजाला झुलवत ठेवणे हा अपराध आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र संसदेची गरज नाही. दाणी आयोगापुढच्या साक्षी आणि कागद, त्या दिवसाच्या बंदोबस्ताचे आदेश, नियंत्रण कक्षाच्या नोंदी, मोर्चाचे निवेदन घ्यायला कोणी जायचे ठरले होते आणि ते का गेले नाहीत याची टिपणे, हे सारे जे काही शासनाच्या दप्तरात शिल्लक असेल ते जनतेसाठी खुले करण्याला एका मंत्रिमंडळाचा एक ठराव पुरेसा आहे. तो येत्या हिवाळी अधिवेशनात व्हावा. आणि तो होईपर्यंत नागपूरच्या वकिलांना, पत्रकारांना व महाविद्यालयांतील तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे: येत्या २३ नोव्हेंबरला वही घेऊन स्मारकावर जा, तेथे आलेल्या प्रत्येक मायेजवळ बसा, तिचे माणूस कोणते, ते शेवटचे कोठे दिसले, तेव्हा पोलीस कोठे उभे होते, हे तिला विचारा, आणि तिच्या शब्दांत, तिच्या सहीनिशी किंवा अंगठ्यानिशी लिहून घ्या.